चांदणी आणि दवंडी

लाइक देणं हे माझं एकमेव समाजकार्य. एरवी कुणाच्या फारसा उपयोगी पडलो नसेन, पण अंगठा उमटवण्यात कधी कंजुषी केली नाही. त्यामुळे मेहुण्याने मॅस्टोडॉन नावाच्या समाजमाध्यमावर ओढलं तेव्हा मी निर्धास्त होतो.

"भाऊजी, इथे एकच एक मालक नाही. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा कारभार वेगळा, तरी एकमेकांशी बोलतात."

सर्व्हर निवडण्यात माझे दोन दिवस गेले, ते जाऊ दे. पहिली पोस्ट ५०० अक्षरांच्या मर्यादेत घासूनपुसून बसवली आणि संध्याकाळपर्यंत सात चांदण्या! (लाइकचं चिन्ह इथे चांदणी.) मी लगेच फोन लावला.

"सात? मला तर दोनच दिसतायत."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. त्यातली एक माझीच आहे."

मग शिकवणी झाली. चांदणी देणाऱ्याच्या सर्व्हरवरून निघते आणि थेट लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवर पोचते. बाकीच्यांना कुणी कळवत नाही. मेहुण्याच्या सर्व्हरला ठाऊक फक्त तिथल्या रहिवाशांच्या चांदण्या. म्हणजे माझी कीर्ती घरात सात, बाहेर दोन. घरोघरी उलटं असतं.

"आणि चांदण्यांनी पोस्ट वर चढत नाही हं," त्याने मीठ चोळलं. "टाइमलाइन वेळेनुसार चालते. पुढे पोचवायची तर बूस्ट करा, म्हणजे शेअर."

म्हणजे इतके दिवस दिलेल्या शेकडो चांदण्या नुसतीच पाठीवरची थाप! हे सगळे सर्व्हर ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या बोलीत बोलतात (२०१८ साली तिला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्यता दिली), तिच्यात शेअर करण्याला शब्दच 'अनाउन्स' आहे. चक्क दवंडी. आपल्याला फॉलो करणाऱ्या प्रत्येकाच्या दारात, ते असतील त्या सर्व्हरवर.

मला हे पटलं. इतकं पटलं की त्या रात्री अर्धवट झोपेत मी 'वरिष्ठांचा मूर्खपणा कसा ओळखावा' ही कुण्या अनोळखी गृहस्थाची पोस्ट बूस्ट केली. आमचे साहेब मला फॉलो करतात हे सकाळी दात घासताना आठवलं.

ब्रश तोंडात ठेवूनच बूस्ट मागे घेतला. पण मागे घेणं म्हणजेही दुसरी दवंडीच: 'मघाची दवंडी विसरा.' ती सगळ्या सर्व्हरना पाठवली जाते. एखादा बंद पडलेला असला तर तिथे पहिलीच दवंडी घुमत राहते. आणि सर्व्हरने विसरलं तरी वाचणारा माणूस थोडाच विसरतो?

साहेबांनी पाहिलं की नाही? मला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी चांदणी दिली असली तरी ती जाणार मूळ लेखकाच्या दारी. शेवटी न राहवून त्या लेखकाच्या सर्व्हरवर गेलो आणि चांदणी देणाऱ्यांची यादी उघडली.

साहेबांचं नाव होतं. त्यांच्याही वर कुणी साहेब असणारच, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.