उजवीकडे अधिक, डावीकडे उणे

क्लच दाबून दाबून डावा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. यापुढे गिअर हा गाडीचा खासगी मामला असून आपण त्यात नाक खुपसायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते. हा निश्चय आठवडाभरही टिकला नाही, कारण स्टिअरिंगच्या मागे, बोटांना सहज लागतील अशी दोन पाती बसवलेली होती: उजव्यावर अधिकचे चिन्ह, डाव्यावर उणेचे. त्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. उजवे ओढले की गिअर एकाने चढतो, डावे ओढले की उतरतो, आणि क्लच कुठेच नसतो.

मी त्यांचा इतिहास वाचला, ही माझी पहिली चूक. १९८९ साली फेरारीच्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीत जॉन बर्नार्ड या अभियंत्याने गिअरचा दांडा काढून टाकला आणि त्याचे काम स्टिअरिंगमागच्या पात्यांवर सोपवले. त्यामुळे चालकाची जागा अरुंद करता आली आणि गिअरसाठी स्टिअरिंगच्या चाकावरचा हात काढण्याची गरज उरली नाही. त्या गाडीची पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये जिंकली, आणि तीही मध्येच थांबून ढिले झालेले स्टिअरिंग बदलून घेऊन. दुसऱ्या दिवशी दळण आणायला निघालो, तेव्हा माझ्या पाठीचा कणा उगाचच ताठ होता.

मी डौलात उजवे पाते ओढले. समोरच्या पडद्यावर ‘डी’, म्हणजे गिअर गाडीनेच ठरवायची खूण, जाऊन ‘४’ आला आणि मला सत्ता हाती आल्यासारखे वाटले. काही सेकंदांनी ‘४’ निघून गेला आणि ‘डी’ परत आला. सभेत एखाद्या निरुपद्रवी सभासदाची सूचना इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ म्हणून लिहावी आणि कामकाज मूळ ठरावाप्रमाणेच चालू ठेवावे, तसा हा प्रकार होता. पुढे मी वेगात असताना डावे पाते लागोपाठ तीनदा ओढले, तेव्हा गाडीने एक गिअर उतरवला आणि बाकी दोन विनंत्या ‘टुंई’ असा आवाज करून फेटाळल्या. त्या वेगात एवढा खालचा गिअर पडला असता, तर इंजिनाचे फेरे धोक्याच्या लाल पट्ट्यापलीकडे गेले असते, आणि तसे होऊ द्यायचे नाही हे गिअरबॉक्सच्या संगणकाला पक्के शिकवलेले असते. त्याचे बरोबर होते. टुंई मात्र सगळ्यांसमोर केलेले मला आवडले नाही.

मग मी दांडा ‘एम’वर, म्हणजे गिअर चालकानेच बदलायच्या खुणेवर, नेऊन संपूर्ण स्वराज्य मिळवले आणि गप्पांच्या नादात ते साफ विसरलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ रडत होती. शेवटी पत्नी म्हणाली, “अहो, तिला काहीतरी होतंय. थांबवून बघता का?” मी गुपचूप दोनदा उजवे पाते ओढले आणि वारा पडला असेल, असे सांगितले.

सर्वांत मोठी फजिती मात्र गाडी उलट दिशेला वळवताना झाली. काही गाड्यांत ही पाती स्टिअरिंगच्या खांबाला असतात आणि जागची हलत नाहीत. माझ्या गाडीत ती चाकाबरोबर फिरतात. चाक अर्धे फिरले की अधिक डावीकडे आणि उणे उजवीकडे जाते. मी उजव्या हाताला आलेले पाते मोठ्या विश्वासाने ओढले, गिअर चढण्याऐवजी उतरला, गाडीने आचका दिला आणि मागच्या सीटवरच्या पिशव्या खाली आल्या. शाळेत बेरीज-वजाबाकीत माझे चिन्हच चुकायचे. इतक्या वर्षांनी तेच दुखणे चाकावर आले.

माझा मेहुणा या बाबतीत माझ्यापेक्षा सुखी आहे. त्याच्या गाडीत सीव्हीटी आहे, म्हणजे दातेरी गिअरांच्या पायऱ्याच नाहीत. दोन पुल्यांवरून एक पट्टा फिरतो आणि पुल्यांचा व्यास लागेल तसा बदलत राहतो. तरीही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी पात्यांना सात टप्पे नेमून दिले आहेत. मेहुणा ते नसलेले गिअर इतक्या तन्मयतेने बदलतो की बघणाऱ्याला दाते ऐकू येतात.

माझ्या पात्यांचे सार्थक अखेर एका लांबलचक उतारावर झाले. तिथे सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि त्याची पकड कमी होत जाते. खालच्या गिअरमध्ये मात्र इंजिनच चाकांना मागे ओढून धरते. मी ‘एम’ लावला आणि डावे पाते दोनदा ओढले. या वेळी टुंई झाले नाही. इंजिनाचा आवाज चढला, वेग आवरला आणि वळणामागून वळण आम्ही ब्रेकला अधूनमधूनच पाय लावत उतरलो. साक्षीला मात्र कोणी नव्हते, कारण पत्नीला डुलकी लागली होती. पायथ्याशी तिने डोळे उघडले, मागे वळून डोंगराकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाली, “बघा, त्या पात्यांना हात लावला नाहीत तर किती छान चालते गाडी!”

मी काही बोललो नाही. दांडा ‘डी’वर आणला आणि दोन्ही हात चाकावर, पात्यांपासून जरा वर ठेवले.