पाच भाषांतले ९६ ब्लॉक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

ऊर्जा क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या पुण्यातील छोट्या कंपनीने आजवर पाच भाषांत विखुरलेले सर्व काम यापुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या एकाच प्लॅटफॉर्मवर करायचे ठरवले. त्या निर्णयावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप मला समजले ते असे : एकच प्लॅटफॉर्म धरला की त्यातला एक दोष सगळीकडे एकदम उघडा पडतो आणि डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे (जावा प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी) प्रकरण हा त्याचा पुरावा आहे, वीस-पंचवीस वर्षे चालणारी कामे आपण एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर सोपवतो, आणि दोन प्रोग्राममधील देवाणघेवाणीचे नियम पक्के केले, तर कोण कोणत्या भाषेत लिहितो याला महत्त्वच उरत नाही. यांतला तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो.

देवाणघेवाणीचे नियम आमच्याकडे नव्हते असे नाही. सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांचे दुसऱ्या दिवसाचे शेड्यूल पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये भार प्रेषण केंद्राकडे, म्हणजे ग्रीडमधील विजेचा समतोल सांभाळणाऱ्या केंद्राकडे, जाते, प्रत्यक्ष निर्मितीची मीटर-नोंद त्याच ब्लॉकनुसार येते आणि दोहोंतल्या फरकावर विचलनाचा हिशेब होतो, हे आपणांस माझ्याहून चांगले ठाऊक असणार. फाइलमध्ये कोणता रकाना कुठे असावा, एकक कोणते, चिन्ह केव्हा उणे, हे सगळे आम्ही लिहून ठेवले होते. तरीही एका महिन्यात ग्राहकाला स्क्रीनवर दिसणारा विचलनाचा आकडा आणि बिलासोबतच्या एक्सेल तक्त्यातला आकडा काही ब्लॉकमध्ये एका युनिटने वेगळा येऊ लागला. रक्कम किरकोळ होती. पण ग्राहकाच्या लेखा विभागाने ‘यांतला खरा आकडा कोणता?’ असे विचारले आणि आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही.

कारण निघाले पूर्णांकनाचे. पायथनमधले राउंड २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४ करते, म्हणजे बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. डॉटनेटमधले राउंडही, वेगळे काही सांगितले नाही तर, तसेच वागते. जावास्क्रिप्ट आणि एक्सेल मात्र २.५ चे ३ करतात. इथवर बहुतेक प्रोग्रामरना माहीत असते. पण विचलन उणेही असते, आणि उणे २.५ ला जावास्क्रिप्ट उणे २ म्हणते, तर एक्सेल उणे ३ म्हणते. त्यामुळे जादा निर्मितीच्या ब्लॉकमध्ये तंतोतंत जुळणारे दोन आकडे कमी निर्मितीच्या ब्लॉकमध्ये जुळेनात, आणि चाचणी करणाऱ्याने नेमका भरपूर उन्हाचा दिवस निवडलेला असल्यामुळे ते आमच्या लक्षातच आले नव्हते. आमच्या नियमांत ‘आकडा पूर्ण युनिटांत द्यावा’ एवढेच लिहिले होते आणि प्रत्येकाने ते प्रामाणिकपणे पाळले होते.

आपण म्हणाल, मग नियमात आणखी एक वाक्य घालायचे. आम्ही ते घातलेच. त्यानंतर वेळेचा गोंधळ निघाला. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, प्रोग्रामने तारीख प्रमाणवेळेनुसार धरली, तर दिवसाचे पहिले २२ ब्लॉक आदल्या तारखेच्या खात्यात जातात. नुसती तारीख दिली असता जावास्क्रिप्ट ती प्रमाणवेळेतली समजते. पायथनमध्ये वेळ कोणत्या प्रदेशाची हे लिहिले नाही तरी प्रोग्राम तक्रार न करता पुढे जातो. तेव्हा आणखी एक वाक्य घातले. नियमांची ही पुस्तिका वाढत गेली आणि वाचणारे कमी होत गेले; निदान आमच्याकडे तरी तसेच झाले. एक प्लॅटफॉर्म घेतल्याने मिळते ते एवढेच, की पूर्णांकन, ब्लॉकचा क्रमांक आणि मीटरचे चिन्ह ठरवणारा कोड एकदाच लिहिला जातो आणि सगळे तोच वापरतात. हे फार मोठे तत्त्व नाही, पण महिनाअखेरीच्या हिशेबाला त्याचा उपयोग होतो.

हा मुद्दा पुढच्या काळासाठी अधिक महत्त्वाचा ठरेल असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वीजबाजाराने १ ऑक्टोबर २०२१ पासून तीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांचा हिशेब सुरू केला आणि आपल्याकडेही पाच मिनिटांच्या ब्लॉकची चर्चा झालेली आहे. तसे झाले तर ९६ चे २८८ होतील. तेव्हा काय करावे लागेल हे पाहावे म्हणून आम्ही कोडमध्ये ९६ हा आकडा कुठे कुठे थेट लिहिलेला आहे ते शोधायला बसलो. जावा, सी प्लस प्लस, पायथन, जावास्क्रिप्ट आणि एक जुने डेल्फी अशा पाचही भाषांत तो सापडला. शिवाय शून्यापासून मोजणाऱ्यांनी ९५ लिहिले होते, तेही वेगळे शोधावे लागले.

आता लॉगफोरजे. नोंदींत लिहिल्या जाणाऱ्या साध्या मजकुरातून परक्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता, इतका तो दोष गंभीर होता, आणि सर्व काम जावात असते तर आमची त्या आठवड्यात मोठी धांदल उडाली असती, हे मान्य. परंतु प्रत्यक्षात आमच्याकडे जावाचे दोनच प्रोग्राम होते, दोन्ही लिहिणारे कंपनी सोडून गेले होते, आणि ते कोणत्या ग्राहकाकडे कोणत्या सर्व्हरवर चालतात हे शोधण्यातच आमचे दोन दिवस गेले. दुरुस्ती त्यानंतर तासाभरात झाली. विविधतेने दोषाचा पसारा कमी ठेवला, पण तो नेमका कुठे आहे हेच आम्हांला दिसू दिले नाही. यांतले काय अधिक धोक्याचे, हे कंपनीच्या आकारावर ठरते. आपल्या हाताशी प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र चमू असेल, तर आपला निष्कर्ष माझ्याहून वेगळा येणे योग्यच आहे.

परदेशी कंपनीच्या मर्जीबद्दलची आपली भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्याच सिल्व्हरलाइट या ब्राउझरमधील प्लॅटफॉर्मवर स्क्रीन तयार करून नंतर त्या सगळ्या पुन्हा लिहिणाऱ्यांपैकी मीही एक आहे. त्याचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये अधिकृतपणे संपला, पण त्याचे दिवस भरल्याचे त्याच्या कितीतरी आधी कळून चुकले होते. मात्र २०१६ मध्ये डॉटनेट कोअर आल्यापासून हा प्लॅटफॉर्म मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवरही चालतो. विंडोजला बांधलेल्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कशी त्याची तुलना करू नये. खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही तीनच वर्षे आधार मिळतो आणि सौर प्रकल्पाचा वीजखरेदी करार साधारण पंचवीस वर्षांचा असतो, म्हणजे एका कराराच्या आयुष्यात किमान आठ वेळा आवृत्ती बदलावी लागणार. हे ओझे कोणत्याही भाषेत थोड्याफार फरकाने आहेच. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला तेव्हा आम्ही तेही भोगले. पाच प्लॅटफॉर्मची पाच वेळापत्रके सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणे आम्हांला झेपते.

दोन ठिकाणी मात्र आपण मला पकडले आहे. लेखातला ‘सर्व’ हा शब्द मी बेफिकिरीने वापरला. उद्याच्या उन्हाचा आणि वाऱ्याचा अंदाज बांधण्याचे काम पायथनमध्येच राहील, कारण त्यासाठी लागणाऱ्या लायब्ररी तिथे आहेत. उपकेंद्रातील यंत्रणांशी आयईसी १०४ या ठरावीक संवादनियमानुसार (प्रोटोकॉल) बोलणारा सी प्लस प्लसचा प्रोग्रामही हलवणार नाही. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. दुसरे म्हणजे, पूर्णांकनातला फरक सापडला तो मुळात दोन ठिकाणी वेगवेगळा हिशेब होत होता म्हणूनच, हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि ते मला आधी सुचायला हवे होते. म्हणून महिन्याचा विचलन हिशेब बिल जाण्यापूर्वी पायथनमध्ये स्वतंत्रपणे पुन्हा करून ताडून पाहायचे असे आता ठरवले आहे. तो निकाल ग्राहकाला दिसणार नाही, पण फरक आला की बिल थांबेल.

शेवटी आपण त्या डेल्फीच्या प्रोग्रामचे काय, असे विचारले आहे. तो ज्या प्रकल्पासाठी चालतो, त्याच्याशी असलेला आमचा करार संपेपर्यंत तो तसाच राहील. त्याची माहिती असलेले आमचे एकमेव सहकारी पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, म्हणून सध्या दर शुक्रवारी दुपारी दोन तास त्यांच्याशेजारी बसून त्यातील फाइलींची रचना मी स्वतः लिहून घेतो आहे.