दगड, वीट आणि कोरा गोल

नमस्कार काका,

तुम्ही पंचाहत्तरी ओलांडल्याचं स्वतःच लिहिलं आहे, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया परवा वाचली तेव्हा आधी रागच आला. काल पुन्हा वाचली तेव्हा जाणवलं की तुम्ही चिडून लिहिलं असलं तरी काळजीनं लिहिलंय. म्हणून दोन ओळींत न आटपता नीट उत्तर देते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत, मी राहते त्या मिशिगन राज्यातल्या सुमारे ७५ हजार मतदारांनी मतपत्रिका भरली, पण अध्यक्षपदाचा गोल कोराच ठेवला (इथे उमेदवाराच्या नावापुढचा छोटा गोल काळा करून मत देतात). हिलरी क्लिंटनही नकोत, डॉनल्ड ट्रम्पही नकोत. ट्रम्प ते राज्य जिंकले अवघ्या १०,७०४ मतांनी. त्या कोऱ्या गोलांमागच्या माणसांबद्दल मी जरा आपुलकीनं लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की हा शुद्ध पोरकटपणा आहे. दगडापेक्षा वीट मऊ, एवढं ज्याला कळत नाही त्यानं लोकशाहीच्या गोष्टी करू नयेत. "आम्ही इथे वीस-वीस उमेदवारांतून एक निवडतो, तुम्हाला दोघांतून एक निवडता येत नाही? पोट भरलेल्यांचे नखरे आहेत हे. मी ७७ साली निवडणूक ड्युटी केली आहे. तेव्हाच्या माणसाला आपण कशासाठी मत देतोय ते पक्कं माहीत होतं. तुमचे लोक नुसते घाबरलेले आहेत."

पोट भरलेल्यांचे नखरे, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तिथूनच सुरुवात करते.

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला, मकोम काउंटीत राहतो. आमच्या पलीकडच्या घरातले शेजारी गाडीच्या कारखान्यात तीस वर्षं लाइनवर उभे होते. दोन्ही गुडघे बदललेले. २००८ आणि २०१२ साली त्यांच्या अंगणात ओबामांची पाटी होती. अशा पाट्या इथे तारेच्या दोन पायांवर गवतात खुपसून ठेवतात. २०१६ च्या ऑक्टोबरात मी पानं गोळा करत होते, तेव्हा त्यांच्या अंगणात पाटी दिसली नाही. तारा तेवढ्या होत्या, परसात, टोमॅटोच्या वाळक्या झाडांना आधार म्हणून लावलेल्या. मी सहज विचारलं, या वेळी कोणाची पाटी? ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग हळूहळू सांगायला लागले. १९९३ च्या डिसेंबरात बिल क्लिंटन यांनी नाफ्टावर सही केली. मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा तो व्यापार करार पुढच्या जानेवारीपासून लागू झाला. त्यांच्या धाकट्या भावाचा सुटे भाग बनवणारा कारखाना काही वर्षांनी मेक्सिकोला गेला. भावाची नोकरी गेली, नोकरीबरोबर आरोग्यविमा गेला (इथे तो बहुतेकांना नोकरीतूनच मिळतो), आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा सावरला नाही. "त्या आडनावापुढचा गोल माझ्या हातानं काळा होणार नाही," असं ते म्हणाले. आणि ट्रम्प? ७ ऑक्टोबरला ती ध्वनिफीत बाहेर आली होती, बायकांबद्दल ते जे बोलले होते ती. शेजाऱ्यांना दोन मुली. "रविवारी त्या जेवायला येतात. टेबलावर बसून त्यांच्या तोंडाकडे कसं बघू?"

काका, हा नखरा आहे का?

मतदानानंतर त्यांनी मला सांगितलं की ते वीस मिनिटं मतपत्रिकेसमोर बसून होते. इथली मतपत्रिका केवढी असते ते तुम्हाला सांगायला हवं. दोन्ही बाजू भरलेल्या. काँग्रेस सदस्य, राज्याचे प्रतिनिधी, न्यायाधीश, शाळा मंडळ, इतकंच काय, मिशिगन विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्यसुद्धा मतदारच निवडतात. त्यांनी झाडून सगळे गोल भरले, अगदी ज्यांची नावं कधी ऐकली नव्हती त्या न्यायाधीशांचेही. पहिलाच गोल तेवढा कोरा. तुम्ही म्हणता तसं रुसून बसायचं असतं तर हा माणूस बदललेल्या गुडघ्यांनी रांगेत उभा राहिलाच नसता. आमची ही काउंटी दोन्ही वेळा ओबामांना कौल देणारी. त्या वर्षी ती ट्रम्प यांनी जवळपास ४८ हजार मतांनी घेतली. म्हणजे असाच विचार करणारे पुष्कळ जण एक पाऊल पुढे जाऊन त्या बाजूला गेले होते. यांना ते पाऊल टाकवलं नाही, एवढाच फरक.

आता तुमचं दुसरं म्हणणं, वीस उमेदवारांचं. ते वरवर बरोबर वाटतं, पण तुलना जमत नाही. आपल्याकडे लहान पक्षाला मत दिलं आणि त्याचे चार-पाच आमदार आले, तर ते सरकार बनवताना काहीतरी पदरात पाडून घेतात. तुमचं मत कुठेतरी जमा होतं. इथे खुर्ची एकच, आणि तिच्यात वाटणी होत नाही. मेन आणि नेब्रास्का सोडली तर प्रत्येक राज्यात जो एका मतानं पुढे, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. १९९२ साली रॉस पेरो हे अपक्ष उभे होते. देशभरात जवळपास १९ टक्के मतं पडली त्यांना, म्हणजे पाचातल्या जवळजवळ एका माणसाचं मत. इलेक्टर किती मिळाले? शून्य. त्यानंतर अध्यक्षपदाच्या मुख्य वादसभेत तिसरा माणूस आजवर उभा राहिलेला नाही. मतपत्रिकेवर नावं चार-पाच असतात, पण तिसऱ्या नावाला मत दिलं की घरचेच विचारतात, "आता तो दुसरा निवडून आला तर?" २००० साली फ्लोरिडा राज्य ५३७ मतांनी बुश यांच्याकडे गेलं, आणि तिथे तिसऱ्या पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. तेव्हापासून हा प्रश्न दर चार वर्षांनी माणसांच्या छातीवर ठेवला जातो.

आणि ते दोन मुख्य उमेदवार तरी ठरतात कधी? २०२४ मध्ये बायडन आणि ट्रम्प या दोघांचीही उमेदवारी १२ मार्चला पक्की झाली. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) एप्रिलच्या शेवटी, न्यू जर्सीची जूनमध्ये. तिथल्या लोकांनी नुसती हजेरी लावायची. एक ८१ वर्षांचा, दुसरा ७७ वर्षांचा. वर्षभर सर्व्हेमागून सर्व्हे सांगत होते की लोकांना ही जोडी पुन्हा नको आहे. तरी तीच पुढ्यात आली. २७ जूनची वादसभा आम्ही घरी पाहत होतो. बायडन वाक्याच्या मध्येच अडखळले, भलतंच काही बोलून थांबले, आणि आमच्या दिवाणखान्यात कोणी एक शब्द बोलेना. राग नव्हता तो, पोटात गोळा आला होता. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. त्यानंतर कमला हॅरिस उभ्या राहिल्या, त्याही एकाही प्रायमरीत मतदारासमोर न जाता. त्या चांगल्या की वाईट हा मुद्दाच नाही. ज्याला कोणी विचारलंच नाही, त्याला नोव्हेंबरात "आता गुपचूप वीट उचल" म्हणायचं, हे मला पटत नाही. दगड आणि वीट निवडायची पाळी आपल्यावर का येते, हे विचारण्याचा हक्क मतदाराला असू नये का?

नेवाडा राज्यात १९७५ पासून मतपत्रिकेवर "यांपैकी कोणीही नाही" असा पर्याय आहे. आपल्याकडे नोटा २०१३ ला आला, त्याच्या कितीतरी आधी. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली उभ्या होत्या, ट्रम्प यांचं नाव तिथे नव्हतंच, आणि हेली "कोणीही नाही"कडून हरल्या. तुम्हाला लातूर ग्रामीण आठवत असेल, २०१९ च्या विधानसभेला तिथे नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. त्या लातूरकरांना तुम्ही पोरकट म्हणाल का? मला नाही वाटत.

आता तुमचं जे खरं आहे ते. तुम्ही लिहिलंय, "कोऱ्या गोलाची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो." हे वाक्य मला काल रात्रभर सोडत नव्हतं. मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ही माझी चूक. बहुतेकदा किंमत मोजणारा असा असतो ज्याला मतच नाही. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबं ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. मुलं इथे जन्मलेली, घराचे हप्ते चालू, कर भरतात, आणि निवडणुकीच्या रात्री टीव्हीसमोर आमच्यापेक्षा जास्त घाबरून बसतात, कारण त्यांच्या हातात काहीच नसतं.

पण इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे. माझी एक सहकारी मूळची येमेनची, डेट्रॉइटजवळच्या, अरब वस्ती मोठी असलेल्या डिअरबॉर्नला राहते. २७ जानेवारी २०१७ ला, ट्रम्प यांनी शपथ घेतल्यावर आठवड्याभरात, सात देशांतल्या नागरिकांना प्रवेशबंदीचा आदेश निघाला. त्यात येमेन होता. तिची आई व्हिसाची वाट पाहत होती, ती वाटच पाहत राहिली. डब्याच्या सुट्टीत ही बाई फोन हातात धरून जिन्यात बसायची, आईचा आवाज ऐकत. कोऱ्या गोलाची किंमत काय असते हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. २०२० मध्ये तिनं आनंदानं बायडन यांना मत दिलं. तिच्या गावात तेव्हा दहातली जवळपास सात मतं त्यांना होती. मग गाझाचं युद्ध आलं. २०२४ च्या २७ फेब्रुवारीला मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाहून जास्त लोकांनी "अनकमिटेड", म्हणजे कोणाशीच बांधील नाही, या पर्यायाला मत दिलं. ती त्यांतली एक. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले.

तिनं शेवटी काय केलं ते मी विचारलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास बसून होते. ज्या माणसामुळे आई दुरावली तो परत येईल ही भीती एका बाजूला. ज्यांच्या सरकारनं पाठवलेले बॉम्ब आपल्या माणसांवर पडताना रोज फोनवर दिसतात, त्यांच्या नावापुढचा गोल दुसऱ्या बाजूला. इकडे आड, तिकडे विहीर असं आपण म्हणतो. ही बाई त्या दोन्हींच्या काठावर उभी होती, काका. तिला मी "दगडापेक्षा वीट मऊ" कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून तुमच्या वाक्यातला "किंमत" हा शब्द मी मान्य करते, "पोरकट" हा शब्द करत नाही. आणि "घाबरलेले" हाही शब्द मान्य करते, पण लाज म्हणून नाही. अंडी, किराणा, घरभाडं ऐकून घाबरलेला माणूस (२०२२ च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला, चाळीस वर्षांत कधी नव्हता इतका), गर्भपाताचा हक्क गेल्यावर मुलीसाठी घाबरलेली आई, ६ जानेवारी २०२१ ला संसदेत घुसलेला जमाव पाहून घाबरलेली माझ्यासारखी नवी नागरिक, या सगळ्यांची भीती खरी आहे. माझा राग आहे तो ही भीती भांडवल म्हणून वापरणाऱ्या दोन्ही पक्षांवर. आपला उमेदवार बरा करण्यापेक्षा समोरच्याची भीती घालणं त्यांना स्वस्त पडतं. आमच्यासारख्या अटीतटीच्या राज्यात पोस्टाच्या पेटीत भीतीचे रंगीत कागद रोज पाच-सहा येऊन पडतात. कॅलिफोर्नियात २०१६ साली क्लिंटन ४२ लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या. तिथल्या मतदाराला भीती वाटली काय, न वाटली काय, निकालात काडीचा फरक नव्हता. आमच्याकडे मात्र १०,७०४.

तुम्ही विचारलंय, मी स्वतः काय केलं. २०१६ हे माझं इथलं पहिलं मतदान. नागरिकत्वाची शपथ घेऊन दोन वर्षं झाली होती. मी गोल भरला, घाबरून भरला, आणि कोणाचा ते इथे लिहीत नाही, कारण मग पुढची सगळी चर्चा त्यावरच होईल. घरी येऊन आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगं, पहिलं मत दिलंस, आवाज असा का?" तो आवाज तसा का होता, ते समजून घेण्यासाठी मी हे सगळं लिहीत असते.

शेवटची एक विनंती. ७७ साली तुम्ही केंद्रावर होतात. जनता पक्ष तर तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता, जानेवारीत जुळून आलेला. तुमच्या केंद्रावर रांगेत उभी असलेली माणसं त्या नव्या पक्षावर जीव टाकून आली होती, की आणीबाणीतली नसबंदी, तुरुंग, तोंडाला लावलेलं कुलूप आठवून आली होती? तुम्ही त्यांचे चेहरे जवळून पाहिलेत. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. जमेल तेव्हा सविस्तर लिहा, तुमची परवानगी असेल तर मी ते इथे वेगळा लेख म्हणून टाकेन.

पलीकडचे शेजारी आता ऐंशीच्या घरात आहेत. २०२४ ला मी त्यांना माझ्या गाडीतून मतदानाला नेलं होतं. परतताना ते एवढंच म्हणाले, "या वेळी सगळे गोल भरले." मी गाडी चालवत राहिले.