एक स्टार देणाऱ्या ट्रकमालकांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला आणि तुमच्या गाडीचं जॉबकार्ड काढून समोर ठेवलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी सायलेन्सर बदलायला दिली होती. आम्ही दोन दिवस सांगून सहा दिवस ठेवली, सायलेन्सर तसाच ठेवून मॅनिफोल्डचं (इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या बिडाच्या नळीचं) काम काढलं, बिल वाढवलं, चांगला पार्ट काढून घेतला, आणि महिन्याभरात आवाज पुन्हा सुरू झाला.

आमचं चुकलं ते आधी सांगतो. तिसऱ्या दिवशी मॅनिफोल्डचे स्टड (ते इंजिनाला धरून ठेवणारे आट्यांचे खिळे) तुटले तेव्हाच मी तुम्हाला फोन करायला हवा होता. काम वाढतंय, दिवस वाढताहेत, पुढे जाऊ का, एवढं विचारायचं होतं. मी चालकाला सांगितलं आणि तो तुम्हाला सांगेल असं गृहीत धरलं. गाडी तुमची, पैसे तुमचे, विचारायचं तुम्हालाच होतं. त्या दिवसांत गाडीचं भाडं बुडालं त्याचा राग मला समजतो.

पण 'चांगला पार्ट काढून घेतला' हे मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी असलेल्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

गाडी आली तेव्हा तक्रार होती की लोड असताना चढाला ओढत नाही, काळा धूर टाकते, तापमानाचा काटा वर जातो आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. सायलेन्सर चोक झालाय, असं तुम्हाला आधी कुणीतरी सांगितलं होतं. तसं होऊ शकतं, म्हणून आम्ही आधी तेच तपासलं. सायलेन्सरच्या अलीकडे गेज लावून इंजिन रेस केलं. धूर अडून तयार होणारा मागचा दाब वाढत नव्हता. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडीचा वेग कमी करणाऱ्या ब्रेकची) झडप अर्धवट अडकली तरी नेमकी हीच लक्षणं दिसतात. तीही पूर्ण उघडत होती. म्हणजे वाट मोकळी होती. सायलेन्सरचं कवच मागच्या बाजूने गंजून भोक पडलं होतं, तिथे पत्रा लावून वेल्डिंग केलं. आतून धड असलेला सायलेन्सर बदलून तुमची गाडी चढाला एक तसूभरही जास्त ओढली नसती.

मग इंजिन पाहिलं. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर ठीक, इंटरकूलरचे होज ठीक. आयडलिंगवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करून बघितला, सहाही वेळा इंजिनचा आवाज सारखा पडला. म्हणजे सहाही सिलिंडर काम करत होते, मिस नव्हता. कम्प्रेशनही सगळ्यांचं जवळपास सारखंच आलं. इंजिन खोलून नव्याने बांधायची गरज नाही, हे मी त्याच दिवशी चालकाला सांगितलं होतं.

टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब मात्र लोडवर फार कमी मिळत होता. टर्बोच्या शाफ्टला खेळ नव्हता, पंखा हाताने मोकळा फिरत होता. मग दाब जातो कुठे? त्यासाठी गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी पहिला स्टार्टर मारला आणि मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाकडून टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज आला. दहा-पंधरा मिनिटांत तो जवळजवळ बंद झाला. बिडाचं मॅनिफोल्ड तापून फुगतं आणि फट दबते, म्हणून गरम गाडीत हा आवाज लपतो. पाचव्या-सहाव्या सिलिंडरच्या पॅकिंगपाशी (मॅनिफोल्ड आणि इंजिनामधल्या फटीत बसणाऱ्या चकतीपाशी) काजळीच्या काळ्या रेघा होत्याच.

टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या जोरावर. तो जोर टर्बोपर्यंत पोचण्याआधीच बाहेर गेला की टर्बो मंद फिरतो आणि इंजिनला हवा कमी मिळते. डिझेलचा पंप डिझेल देतच राहतो, त्यामुळे काळा धूर, ताकद नाही, आणि तापणं. तुमच्या पंपाचं सील तुटलेलं आहे. आधी कुणीतरी डिझेलचा स्क्रू वाढवून ठेवलाय, म्हणून धूर आणखी जास्त. पंपाला आम्ही हात लावला नाही. ते काम पंप तपासायच्या बेंचवरच व्हायला हवं, असं बिलाच्या मागे लिहून दिलं आहे. ते अजून केलं नसेल तर कृपया करून घ्या.

आता स्टडबद्दल. लांब मॅनिफोल्ड तापताना सगळ्यात जास्त सरकतं ते टोकांना, त्यामुळे टोकाचेच स्टड आधी जातात. तुमच्या गाडीत तीन तुटले. आदल्या रात्रीपासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरीही. दोन स्टडच्या बुडख्यांवर नट वेल्ड केले, त्या उष्णतेने ते सुटून आले. तिसरा हेडच्या (मॅनिफोल्ड ज्यावर बसतं त्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या) आतच तुटला होता. तो बरोबर मध्यावर पंच मारून, बारीक ड्रिलपासून सुरुवात करत, थोडा थोडा काढावा लागला. ड्रिल जरा बाजूला सरकलं की हेडचे आटे जातात, आणि मग हेड उतरवण्यावाचून उपाय राहत नाही. तिथे दोन दिवस गेले. घाई केली नाही याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला कळवलं नाही याचं वाटतं.

मॅनिफोल्डच्या फेसवर (हेडला टेकणाऱ्या सपाट बाजूवर) सरळ पट्टी ठेवली तर टोकाला ०.४० मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जात होतं. इतकी वाकलेली फेस नवं पॅकिंग टाकून बसत नाही, काही दिवसांत पॅकिंग परत जळतं. तुमचं मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचं आहे. पुढचे दोन तुकडे मशीनवर फेस मारून परत बसवले. बदलला तो फक्त मागचा, कारण त्याला सहाव्या पोर्टजवळ तडा होता. तडा खात्रीचा आहे की नाही हे रॉकेल आणि खडू लावून पाहिलं: रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वरून खडू फासायचा, तड्यातून रॉकेल झिरपून रेघ उमटते. आमच्या वेल्डरने तो भरून द्यायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हटलं. बिडाला सगळीकडून नीट तापवून, वेल्डिंगनंतर सावकाश थंड केलं नाही तर जोडाशेजारचा भाग कडक होतो आणि तिथेच परत फुटतो. टर्बोच्या तोंडाशी ती जोखीम मला नको होती.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती. चालक म्हणाला की लांब फेरीत डोकं दुखतं, आणि थंडीत कधी कधी इंजिन चालू ठेवून तो केबिनमध्येच झोपतो. केबिनच्या फरशीतली रबरं फाटलेली, आणि खाली गळका मॅनिफोल्ड. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी तयार होतो, पण बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला कमीचाही भरवसा नाही. ती रबरं आम्ही बदलली, त्याचे पैसे बिलात लावलेले नाहीत. इंजिन चालू ठेवून झोपू नको, हे त्याला तुम्हीही एकदा सांगा.

महिन्याने परत आलेल्या आवाजाबद्दल न बघता मी ठाम बोलणार नाही. नवं पॅकिंग तापून-थंड होऊन बसतं, त्यामुळे साधारण ५०० किमीनंतर थंड इंजिनवर नट मधून टोकांकडे पुन्हा आवळावे लागतात. हे मी चालकाला तोंडी सांगितलं होतं, बिलावर लिहिलं नव्हतं. तीही आमचीच चूक. आवाज फक्त सकाळी थंड असताना येत असेल तर शक्यता हीच. दिवसभर येत असेल आणि खडखड असेल, तर सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटलेला असू शकतो. तोवर रस्त्यात गरम इंजिनवर कुणालाही पाना लावू देऊ नका, स्टड परत तुटतील.

न विचारता स्टड काढण्यात गेलेल्या दोन दिवसांची मजुरी मी तुम्हाला परत देतो. पार्ट आणि मशीनिंगचे पैसे परत देणार नाही, ते काम गरजेचं होतं. आवळणी आणि लागलंच तर पॅकिंग आमच्याकडून. जुना तुकडा तुमच्या गाडीचा नंबर लिहून रॅकवर ठेवला आहे, तडा डोळ्यांनी बघा आणि घेऊन जा. गाडी संध्याकाळी आणून रात्रभर उभी ठेवा, सकाळी तुम्ही स्वतः या. पहिला स्टार्टर तुमच्यासमोर मारू.