आजोबांची टोपी कशी घालावी

गावच्या पारावर अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं त्याला नाव विचारत नाहीत. "कुणाचा रे तू?" म्हणून विचारतात. उत्तर पटलं तर चहा येतो, नाही पटलं तर पुढचे प्रश्न येतात. अमेरिकेत पार नसल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांना हटकायचं हे काम दर चार वर्षांनी आयोवा आणि न्यू हॅम्पशर या दोन थंड राज्यांतली माणसं करत आली आहेत. तेव्हा तुमचे वडील, आजोबा, काका, गेला बाजार नवरा, यांच्यापैकी कोणी व्हाइट हाउसात राहून आलं असेल आणि आता तुम्हीही गुडघ्याला बाशिंग बांधून बसला असाल, तर चार गोष्टी ऐकून ठेवा.

ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे राहून आलेलं नाही, त्यांनी वाचायलाही हरकत नाही. राज्यघटना उमेदवाराकडे तीनच गोष्टी मागते. जन्माने नागरिक असावा, वय ३५ असावं आणि १४ वर्षं देशात राहिलेला असावा. न्यू जर्सीतल्या एडिसनला जन्मलेला कुलकर्ण्यांचा बंड्या मोठा झाला की आरामात बसतो त्यात. घराण्याचा रकाना घटनेत नाही. तरीही घटना लिहून ४० वर्षं व्हायच्या आत दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव सहावे राष्ट्राध्यक्ष झाले होते, यावरून काय ते समजा.

आधी हिशेब बघू. बाप किंवा आजोबा राष्ट्राध्यक्ष असलेले आजवर तिघेच त्या खुर्चीवर बसले. १८२४ च्या निवडणुकीतले जॉन क्विन्सी ॲडम्स, १८८८ मधले बेंजामिन हॅरिसन आणि २००० मधले धाकटे जॉर्ज बुश. गंमत अशी, की पहिल्या खेपेला तिघांनाही देशभरातली मतं प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमीच पडली होती. ॲडम्सना प्रतिनिधीगृहाने निवडलं, हॅरिसनना राज्याराज्यांतून निवडलेल्या मतदारांच्या मंडळाने, म्हणजे इलेक्टोरल कॉलेजने, तारलं आणि बुशना फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी व सर्वोच्च न्यायालयाने. फ्लोरिडाचे गव्हर्नर तेव्हा त्यांचे धाकटे बंधू जेब होते. (निकालावर शिक्का मारणाऱ्या समितीतून जेब स्वतः बाजूला झाले होते. घरचं कार्य असलं की घरच्या माणसाने शेवटच्या पंगतीला बसावं, तसं.)

तेव्हा हे मनाशी पक्कं करा, की आडनाव सगळ्यांवर चालतं. देणगीदारांवर चालतं, पक्षातल्या जुन्या खोडांवर चालतं, वडिलांच्या वेळच्या सल्लागारांवर तर फारच चालतं. चालत नाही ते एकट्या मतदारावर. म्हणून त्याच्याकडे अगदी शेवटी जावं.

ही रीत जेब बुश यांनी २०१५ साली तंतोतंत पाळली. वडील राष्ट्राध्यक्ष, भाऊ राष्ट्राध्यक्ष, आजोबा सिनेटर आणि स्वतः आठ वर्षं फ्लोरिडाचे गव्हर्नर. उमेदवारी जाहीर करायच्या आधीच ते वसुलीला निघाले. अमेरिकेत सुपर पॅक नावाची एक सोय आहे. उमेदवाराशी आपलं काही ठरलेलंच नाही असं म्हणत त्याच्यासाठी वाटेल तेवढा पैसा तिथे उभा करता येतो. जेब यांच्या बाजूच्या 'राइट टू राइज' या पॅकने पहिल्या सहा महिन्यांत १० कोटी डॉलरपेक्षा जास्त जमवले. जेब म्हणजे खिसा, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. नावाला मात्र जागले.

पैसे मोजून झाले की आडनाव उतरवून खुंटीला टांगायचं. १५ जून २०१५ ला मायामीत जेब यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा फलकावर लाल अक्षरांत फक्त 'जेब!' होतं. उद्गारचिन्ह त्यांचं जुनंच. बुश कुठेही नाही. चेक लिहिणाऱ्यांनी बुशच्या नावाने लिहायचे आणि मत देणाऱ्यांनी जेबला द्यायचं, अशी वाटणी. ती जमलीही असती, पण एक घोळ होता. जेब हे मुळी नावच नाही. जॉन एलिस बुश याची ती आद्याक्षरं. म्हणजे जेब बुश याचा विस्तार होतो जॉन एलिस बुश बुश. पिवळा पीतांबर. आडनाव उंबऱ्याबाहेर काढलं तरी ते 'ब' होऊन नावातच ठाण मांडून बसलेलं. त्यात डिसेंबरात लोकांच्या लक्षात आलं, की इंटरनेटवर 'जेबबुश डॉट कॉम' टाकलं की पक्षातलेच प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प यांचं पान उघडतं. तेव्हा आडनाव टाकायचं तर खुशाल टाका, पण त्याचा सातबारा आपल्याच नावावर राहील एवढं बघा.

आमच्या पिढीला बुश म्हणजे रेडिओ. फळीवर मांडलेला, वर क्रोशाचं झाकण घातलेला. सेल उतरले की त्यातून बातम्या विहिरीतून आल्यासारख्या यायच्या. ट्रम्प यांनी जेबना 'लो एनर्जी' म्हणून हिणवलं तेव्हा मला तोच रेडिओ आठवला. सगळी स्टेशनं शाबूत, आवाज तेवढा नाही.

त्यानंतर 'मी माझा आहे' हे भाषण करायचं. ते टाळता येत नाही. जेब यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये शिकागोत ते केलं. वडिलांवर प्रेम आहे, भावावर आहे, पण मी स्वतंत्र माणूस आहे, असं म्हणाले. त्याच सुमाराला परराष्ट्र धोरणावरच्या त्यांच्या सल्लागारांची यादी बाहेर आली. त्यातले बहुतेक वडिलांच्या नाहीतर भावाच्या सरकारात काम केलेले. स्वतंत्र बिऱ्हाड मांडलं, भांडी तेवढी वाड्यावरची आणली.

मग मे महिन्यात भावाने केलेल्या इराकच्या स्वारीचा प्रश्न आला. आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक असतं, तर तुम्ही इराकवर स्वारी केली असती का? या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं ते साऱ्या अमेरिकेला ठाऊक होतं. जेब सोमवारी म्हणाले, केली असती. मग म्हणाले, प्रश्न नीट ऐकला नव्हता. मग म्हणाले, असल्या जर-तरच्या प्रश्नांत शिरण्यात अर्थ नाही. गुरुवारी म्हणाले, नसती केली. चार दिवस त्यांच्या मागे कोण उभं होतं ते लोकांना दिसत होतं. भावाला वाईट म्हणावं तर थॅन्क्सगिव्हिंगला एकाच टेबलावर बसायचं, चांगलं म्हणावं तर न्यू हॅम्पशर हातचं जायचं.

आईला आधीच विश्वासात घ्या. बार्बरा बुश यांनी २०१३ मध्येच टीव्हीवर सांगून टाकलं होतं, की लायक माणसं इतरही आहेत, बुश आता पुरे झाले. आपल्याकडे आई असं बोलत नाही, निदान कॅमेऱ्यासमोर तरी. पण शेवटी आई ती आईच. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्वदी गाठलेली ती बाई वॉकर पुढे सरकवत न्यू हॅम्पशरच्या बर्फातून मुलासाठी फिरली. त्याआधी ट्रम्प यांनी आईला मदतीला बोलावतो म्हणून जेबची टिंगलही करून घेतली होती.

त्याच राज्यात हॅनोव्हर गावी २ फेब्रुवारीला जेब बोलत होते. पुढचा राष्ट्राध्यक्ष बडबड्या नसावा, शांत असावा, पण देशाच्या रक्षणासाठी ठाम उभा राहणारा असावा, असं काहीसं. मुद्दा बरा होता. ते थांबले. समोरची माणसं ऐकत बसली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. तेव्हा ते हळूच म्हणाले, "प्लीज क्लॅप." लोक हसले आणि वाजवल्या त्यांनी टाळ्या. मला त्या माणसाची दया येते ती त्या एका क्षणासाठी. ६२ वर्षांचा माणूस, दोन वेळा गव्हर्नर, अस्खलित स्पॅनिश बोलणारा, धोरणांचा खरा अभ्यास असलेला. बाकी सगळं घरातून आलं होतं, टाळ्या तेवढ्या राहून गेल्या होत्या.

शेवटी साउथ कॅरोलायनात थोरल्या भावालाच व्यासपीठावर आणलं. खुंटीवरचं आडनाव झटकून पुन्हा अंगात घातलं म्हणा. २० फेब्रुवारीला तिथल्या पक्षांतर्गत लढतीत चौथा क्रमांक आला आणि त्याच रात्री जेबनी माघार घेतली. त्यांच्या प्रचाराचा आणि त्यांच्या बाजूच्या गटांचा मिळून खर्च १३ कोटी डॉलरच्या आसपास, आणि उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनासाठी जिंकलेले प्रतिनिधी ४. भागाकार तुम्हीच करा.

हे वाचून आडनाव बदलायला निघाला असाल तर थांबा. आडनाव वाईट नसतं, ते फार जवळचं असणं वाईट. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून शिका. थिओडोर रूझवेल्ट त्यांचे पार सहा पिढ्या मागे जुळणारे भाऊ, आणि पक्ष दुसरा. १९०५ मध्ये फ्रँकलिननी त्यांच्या सख्ख्या पुतणीशी, एलिनोरशी, लग्न केलं. कन्यादानाला राष्ट्राध्यक्ष काका स्वतः हजर. आडनाव घरातच राहिलं हे उत्तम झालं, असं ते नवऱ्यामुलाला म्हणाल्याचं सांगतात. मुलीला लग्नात आडनाव बदलावं लागलं नाही, आणि मुलाला फुकट मिळालं तेच आडनाव, पण राष्ट्राध्यक्ष काकांच्या वजनासकट. पुढे नौदलाचं सहायक मंत्रिपद, न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद, पायरी पायरी काकांचीच. थिओडोर यांच्या थोरल्या मुलाला १९२० मध्ये फ्रँकलिनच्या पाठोपाठ फिरून सांगावं लागलं, की हा आमच्या घरचा छाप असलेला नव्हे.

तो मुलगा स्वतः १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. तेव्हा टीपॉट डोम नावाच्या ठिकाणच्या सरकारी तेलसाठ्यांचा घोटाळा गाजत होता. त्यात त्याचा दोष निघाला नव्हता, पण तो नौदल खात्यात होता. एलिनोरबाईंनी काय केलं? मोटारीवर भलीमोठी चहाची किटली बसवली, तिच्या तोटीतून वाफ सोडायची सोय केली आणि चुलतभावाच्या सभांमागून राज्यभर ती मोटार फिरवली. भाऊ पडला. आपल्याकडच्या भाऊबंदकीला अजून किटली सुचलेली नाही, याबद्दल देवाचे आभार माना.

आणि टोपीचं म्हणाल तर ती हॅरिसन यांची. बेंजामिन यांचे आजोबा विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३१ दिवसांत वारले. एक महिन्याची कारकीर्द, तिचाही शेवट आजारपणात. त्या भांडवलावर १८८८ मध्ये 'आजोबांची टोपी बेनला बसते' अशी गाणी म्हटली गेली. मग व्यंगचित्रकारांनी ती टोपीच धरली. भलीमोठी टोपी, आणि खाली बारके बेंजामिन. चार वर्षांनी मतदारांनी टोपीसकट घरी पाठवलं.

एक घराणं मात्र असं आहे, की त्याला वरचं काहीच लागू होत नाही असं त्याला वाटतं. १९६२ मध्ये टेड, म्हणजे एडवर्ड मूर केनेडी, ३० वर्षांचे होताच मॅसॅच्युसेट्समधून सिनेटला उभे राहिले. भाऊ जॉन राष्ट्राध्यक्ष, दुसरा भाऊ ॲटर्नी जनरल. पक्षांतर्गत लढतीतले प्रतिस्पर्धी एडवर्ड मॅकॉर्मक भर वादसभेत कडाडले, की तुझं नाव नुसतं एडवर्ड मूर असतं तर तुझी उमेदवारी थट्टेचा विषय झाली असती. बिनतोड. फक्त हे मॅकॉर्मक स्वतः प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्षांचे पुतणे होते. पुढच्या फेरीत टेडसमोर एक लॉज घराण्यातला उभा राहिला आणि एक माजी सरन्यायाधीश ह्यूज यांचा नातू. मतदाराला मूर नावाचा माणूस मिळालाच नाही. टेड निवडून आले आणि २००९ मध्ये वारले तोवर ती जागा त्यांच्याकडेच राहिली.

राष्ट्राध्यक्षपदाचं मात्र जमलं नाही. एका तरुणीचा जीव गेलेला चॅपाक्विडिकचा अपघात होताच पाठीशी. पण नोव्हेंबर १९७९ मध्ये सीबीएसच्या रॉजर मड यांनी साधं एक वाक्य विचारलं, राष्ट्राध्यक्ष का व्हायचंय? टेड अडखळले. मग देशावर विश्वास, देशातली नैसर्गिक साधनसंपत्ती असं करत भटकत राहिले. ज्याला लहानपणापासून सगळे 'कधी?' विचारत आले, त्याला 'का?' कुणी विचारलंच नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. घरात कुणाला येत असेल तर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

पुतणे रॉबर्ट केनेडी धाकटे यांनी असली भानगडच ठेवली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्यांच्या समर्थक गटाने ७० लाख डॉलरची जाहिरात लावली. जॉनकाकांची १९६० मधलीच जाहिरात, तेच गाणं, काकांच्या जागी पुतण्याचा चेहरा. भावंडं भडकली. पुतण्याने जाहीर माफी मागितली आणि जाहिरात आपल्या खात्यावर सगळ्यात वर तशीच चिकटवून ठेवली. ऑगस्टमध्ये माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला, आज आरोग्यमंत्री आहेत. बाजार उठायच्या आधी माल विकावा, हे घराण्यात पहिल्यांदा त्यांनाच कळलं.

राहता राहिले ट्रम्प. त्यांनी २०१६ मध्ये आधी बुश आणि मग क्लिंटन, अशी दोन घराणी एका वर्षात झोपवली. घराणेशाही संपली म्हणून लोक नाचले. मग मुलगी आणि जावई व्हाइट हाउसात सल्लागार झाले आणि २०२४ मध्ये सूनबाई पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सहअध्यक्ष.

जेब यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी या सगळ्यातून काय घ्यायचं ते घेतलं. २०२१ मध्ये टेक्ससच्या ॲटर्नी जनरलपदासाठी उतरताना त्यांनी बिअरचा डबा गार ठेवायची वेष्टनं छापून वाटली. त्यावर ट्रम्प यांच्याशी हात मिळवतानाचं चित्र आणि ट्रम्प यांचंच वाक्य, की मला आवडून घेणारा हा एकटाच बुश. वडिलांचा, काकांचा, आजीचा हिशेब एका वाक्यात चुकता. पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांनी पाठिंबा दुसऱ्याला दिला आणि त्या दुसऱ्याने अंतिम फेरीत जॉर्ज यांच्या दुपटीहून जास्त मतं घेतली. वेष्टन मात्र चांगलं असणार. आतलं शेवटपर्यंत थंडच राहिलं.