सर, टीशर्ट हा पुरावा नसतो

नमस्कार सर,

हेवी मेटल संगीतातल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला तेव्हा मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. दोनदा वाचली. एकदा रागाने, एकदा चहा घेऊन. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, शेकडो पोरं हाताखालून गेली, आणि ‘काळे टीशर्ट, कवट्या आणि असल्या आरडाओरड्याच्या नादी लागलेली पोरं वाया गेलेलीच पाहिली’. हे संगीत नव्हे, विकृती आहे. अमेरिकेत यावरून पोरांनी जीव दिले, बँडवर खटले झाले. धूर दिसतो म्हणजे कुठेतरी आग असणारच. आणि शेवटी, ‘स्वतःच्या मुलीला ऐकवाल का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो.

आरडाओरड्यावरून मी भांडणार नाही. तुमच्या कानाला त्रास होतो, तो खराच असणार. मला स्वतःला यातले निम्मे बँड ऐकवत नाहीत. ‘मला आवडत नाही’ असं कुणी म्हटलं की विषय संपतो. पण तुमच्या प्रतिक्रियेत ते वाक्य कुठेच नाही. तुम्ही एकदम ‘वाईट आहे’पासून सुरुवात केलीत आणि दोन ओळींत ‘ऐकणारे वाईट असतात’पर्यंत पोचलात. मला बोलायचंय ते या दोन ओळींबद्दल.

आपल्याकडे हे आधी झालंय. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांना सिनेमाची गाणी अशीच हलकी, अभिरुची बिघडवणारी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मुकाट्याने रेडिओचा काटा सिलोनवर नेला, आणि १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. आज तीच गाणी आपण सुवर्णकाळ म्हणून डोळे मिटून ऐकतो. पण केसकरांनी निदान ऐकणाऱ्यांना तुरुंगात तरी टाकलं नाही.

अमेरिकेत टाकलं. आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस नावाचं एक छोटं शहर आहे. तिथे मे १९९३ मध्ये आठ-आठ वर्षांची तीन मुलं संध्याकाळी खेळायला गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे मृतदेह एका ओढ्यात सापडले. सगळं गाव हादरलं, आणि हादरणारच. गावाला उत्तर हवं होतं, लवकर हवं होतं. डेमियन एकल्स हा अठरा वर्षांचा मुलगा पोलिसांना आधीपासून माहीत होता. काळे कपडे घालायचा, मेटॅलिका हा मेटल बँड ऐकायचा, जादूटोण्यावरची पुस्तकं वाचायचा. त्याचा मित्र जेसन बाल्डविन सोळा वर्षांचा. तिसरा जेसी मिसकेली, सतरा वर्षांचा आणि बुद्ध्यांक सत्तरीच्या आसपास. त्याला पोलिसांनी तासन् तास बसवून ठेवलं आणि शेवटी त्याच्याकडून कबुली घेतली. त्या कबुलीत त्याने गुन्ह्याची वेळ सांगितली सकाळची. त्या वेळी तिन्ही मुलं शाळेत होती! मग ती वेळ हळूहळू पुढे सरकवण्यात आली.

या तिघांना गुन्ह्याशी पक्कं जोडणारा एकही वस्तुनिष्ठ पुरावा नव्हता. होतं ते काय, तर वहीत उतरवून घेतलेल्या गाण्यांच्या ओळी, काळे टीशर्ट, आणि सैतानी पंथांचा जाणकार म्हणून उभा केलेला एक साक्षीदार. या साक्षीदाराची डॉक्टरेट मान्यता नसलेल्या, पत्राने पदव्या देणाऱ्या विद्यापीठाची होती. बचाव पक्षाने ते कोर्टात उघड केलं, तरी त्याची साक्ष चालली. १९९४ च्या सुरुवातीला निकाल लागला. एकल्सला मृत्युदंड, बाकी दोघांना जन्मठेप.

सर, तुम्ही शिक्षक होतात म्हणून विचारतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या अबोल पोराच्या वहीची मागची पानं कोर्टात वाचून दाखवली असती तर? माझी दाखवली असती तर मी आज हे उत्तर लिहायला नसतो.

पुढे या खटल्यावर एक माहितीपट निघाला, त्यासाठी मेटॅलिकाने आपलं संगीत वापरायला दिलं, लोक जागे झाले. २००७ मध्ये बचाव पक्षाने डीएनए चाचण्यांचे निष्कर्ष मांडले; घटनास्थळी मिळालेल्या नमुन्यांत या तिघांपैकी कुणाचाच डीएनए नव्हता. तरीही सुटका झाली ती १९ ऑगस्ट २०११ ला, आणि तीही विचित्र अटीवर. ‘आम्ही निर्दोष आहोत, पण सरकारकडे शिक्षा व्हावी इतका पुरावा आहे हे मान्य करतो’ असं म्हणून कागदोपत्री गुन्हा कबूल करायचा. बाल्डविन आधी तयार नव्हता. मित्र फाशीच्या कोठडीत आहे म्हणून तयार झाला. अठरा वर्षं गेली. आणि त्या तीन लहानग्यांना खरं कुणी मारलं, हे त्यांच्या आईबापांना अजून नीट कळलेलं नाही. काळ्या कपड्यांवर नजर खिळली की दुसरीकडे कोण उभा आहे ते दिसत नाही.

हे फक्त अमेरिकेतच घडतं असंही नाही. २००३ मध्ये मोरोक्कोत कासाब्लांकाला चौदा जणांना मेटलपायी सैतानपूजक ठरवून शिक्षा झाल्या. तिथेही काळा टीशर्ट कोर्टासमोर पुरावा म्हणून मांडलेला होता.

आता तुम्ही म्हणता तो जीव देण्याचा खटला. तो ज्यूडास प्रीस्ट या बँडवरचा असावा. १९८५ मध्ये नेवाडा राज्यात दोन तरुणांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. एक तेव्हाच गेला, दुसरा तीन वर्षांनी. घरच्यांचा दावा असा की बँडच्या १९७८ च्या रेकॉर्डवरच्या एका गाण्यात ‘कर, करून टाक’ असा छुपा संदेश पेरलाय. आईबापांचं दुःख मी हसण्यावारी नेणार नाही. पण ते गाणं मुळात या बँडचं नव्हतंच, दुसऱ्या बँडचं त्यांनी गायलेलं होतं. १९९० मध्ये रीनोच्या कोर्टात गायक रॉब हॅलफोर्डने रेकॉर्ड उलटी वाजवून दाखवली, तर त्यातून ‘मी तिच्याकडे पेपरमिंट मागितलं’ अशा अर्थाचं काहीतरी ऐकू आलं. ऐकायचंच ठरवलं तर पंख्याच्या घरघरीतही माणसाला आपलं नाव ऐकू येतं. न्यायाधीशांनी निकाल दिला की तो शब्दासारखा भास श्वास आणि गिटार यांच्या योगायोगाने झालाय, हेतूने पेरलेला नाही. बँड सुटला. खटला झाला एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, निकाल कुणी वाचत नाही. माफ करा, पण तुमचंही तेच झालंय.

तुमच्या बाजूचा एक खरा मुद्दा आहे, तो तुम्ही मांडला नाहीत म्हणून मीच मांडतो. नॉर्वेत १९९२ पासून ब्लॅक मेटल या मेटलच्या टोकाच्या प्रकारातल्या काही तरुणांनी चर्चं जाळली. बर्गनजवळचं फांटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च त्यातलंच. १९९३ मध्ये त्यांच्यातल्याच वार्ग विकर्नेस या वादकाने दुसऱ्या एका वादकाचा खून केला. यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. ती माणसं गुन्हेगार होती. पण पाहा, विकर्नेसला १९९४ मध्ये एकवीस वर्षांची शिक्षा झाली ती त्याने केलेल्या कृत्यांची. त्याच वर्षी आर्कान्सात एकल्सला फाशी सुनावली गेली, ती बरीचशी तो दिसायचा कसा याची.

आणि तो सैतान. हाताची तर्जनी आणि करंगळी उभी करून पोरं जी शिंगं दाखवतात ती तुम्हाला सैतानपूजा वाटते. ही खूण मेटलमध्ये रूढ केली गायक रॉनी जेम्स डिओने, आणि त्याने ती घेतली आपल्या इटालियन आजीकडून. वाईट नजर लागू नये म्हणून म्हातारी रस्त्यात तशी बोटं करायची. म्हणजे आपल्याकडे मीठमोहऱ्या ओवाळतात ना, तसलंच. हजारो दाढीवाले मैदानात उभं राहून एकमेकांची दृष्ट काढताहेत, असं समजून एकदा तो देखावा बघा.

ब्लॅक सॅबथच्या ‘वॉर पिग्ज’मध्येही सैतान आहे, अगदी शेवटी. गरिबांच्या पोरांना युद्धावर धाडणारे सेनापती आणि पुढारी न्यायाच्या दिवशी गुडघ्यांवर येऊन दया मागतात, आणि सैतान हसतो. एखाद्या कीर्तनकाराने उत्तररंगात सांगावं असं आख्यान आहे हे. लिहिणारी पोरं बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतली. गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल सुरात लावल्या. तुम्हाला जी भेसूर घरघर वाटते तिच्यात त्या बोटांचा मोठा वाटा आहे. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये.

मुंबईतही डेमॉनिक रेझरेक्शन नावाचा एक मेटल बँड निघाला. नाव ऐकून तुम्ही कानावर हात ठेवाल. २०१७ मधल्या त्यांच्या अल्बमचं नाव ‘दशावतार’. मत्स्य, कूर्म, वराह, सगळे क्रमाने.

माझं स्वतःचं म्हणाल तर किस्सा किरकोळ आहे. कॉलेजात असताना धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचा कार्यक्रम ऐकून आम्ही तिघं शेवटची गाडी पकडायला निघालो होतो. केस मानेपर्यंत, अंगात काळे टीशर्ट. स्टेशनवर गर्दीतून नेमकं आम्हालाच बाजूला घेतलं आणि पिशव्या रिकाम्या करायला लावल्या. माझ्या पिशवीतून निघाला वॉकमन, चार कॅसेटी आणि आईने दिलेला पोळी-भाजीचा डबा. डबाही उघडून पाहिला. बटाट्याची भाजी होती. आमच्या मागून दोन सफारीवाले झोकांड्या खात गेले, त्यांना कुणी हटकलं नाही. शेवटची गाडी अर्थातच गेली. तुम्ही ‘वाया गेलेली पोरं’ लिहिलंत तेव्हा मला तो उघडा डबा आठवला. त्या तिघांपैकी एक आज भूलतज्ज्ञ आहे, एक कल्याणला गणिताचे क्लास घेतो, आणि तिसरा तुम्हाला उत्तर लिहितोय.

आता मुलगी. ती चौदा वर्षांची आहे आणि ऐकते. सगळं नाही. काही बँडचे शब्द बाईमाणसाबद्दल इतके गलिच्छ आहेत की ते घरात लागले तर मीच बंद करतो, आणि का ते तिला सांगतो. तेच काही हिंदी गाण्यांनाही लागू आहे. सध्या ती आयर्न मेडन या बँडचं १९८४ मधलं एक गाणं रोज लावते. तेरा मिनिटांच्या वरचं. इंग्रजी कवी कोलरिजच्या ‘एन्शन्ट मरिनर’ या कवितेवर बेतलेलं, आणि मूळ कवितेतली कडवी त्यात जशीच्या तशी आहेत. परवा तिने मला विचारलं की कवितेतल्या खलाशाने अल्बाट्रॉसला, त्या समुद्रपक्ष्याला, मारलंच का, आणि मला धड सांगता आलं नाही. तुम्ही ही कविता वर्गात शिकवली असणार. तेव्हा कृपा करून, आवाज हवा तितका बारीक ठेवून, कविता समोर उघडून ते गाणं एकदा ऐका. नाही आवडलं तर ‘नाही आवडलं’ एवढंच लिहा. आणि अल्बाट्रॉसचं काय ते तिला कळवा, ती वाट बघतेय.