ट्रॉली मागे घेताना

ट्रॅक्टर पुढे नेणे ही विद्या नव्हे, ती सवय आहे, आणि आमच्या गावात ती मिसरूड फुटण्याआधीच अंगवळणी पडते. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणे ही मात्र विद्या आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवून निवृत्त झाल्यावर ती आपली आपण शिकण्याची पाळी माझ्यावर आली. कारण सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा) आटोपून कापूस घरात येऊ लागला आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या ड्रायव्हरने पुण्याची वाट धरली. ऐन हंगामात दुसरा ड्रायव्हर शोधण्यापेक्षा जावई शोधणे सोपे.

प्रकरण असे आहे. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरला एका पिनेवर जोडलेली असते. मागे जाताना स्टेअरिंग डावीकडे वळवले की ट्रॅक्टरची मागची बाजू डावीकडे सरकते, ट्रॉलीचे तोंडही डावीकडे ढकलले जाते आणि तिचे ढुंगण (शब्द पारावरचा आहे, माझा नव्हे) उजवीकडे निघते. एवढे नातवाच्या पाटीवर आकृती काढून मी स्वतःला सहज समजावले. खरी गोम पुढे आहे. ट्रॉली वळू लागली की लगेच स्टेअरिंग उलट फिरवून तिच्या मागोमाग जावे लागते. नाही तर कोन आपोआप वाढत जातो आणि ट्रॉलीचा दांडा मोठ्या टायरला येऊन टेकतो. मग पुढे जाऊन सरळ होण्यावाचून गत्यंतर नसते, आणि पुढे बहुधा कोणाची तरी म्हैस बांधलेली असते.

मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर येते, म्हणून रात्री गच्चीवर बसून मी व्हिडिओ पाहत असे. त्यातला भाऊ एका हाताने पगडी सावरत ट्रॉली अशी मागे नेतो की, पाहणाऱ्याला आपणही हे जन्मापासून करत आलो आहोत असे वाटू लागते. हे वाटणेच घातक आहे. डोळ्याला ओळख पटते आणि हाताला त्याचा पत्ताही नसतो. ‘पुस्तक मिटून म्हणून दाखव’ असे मी पोरांना उगाच सांगत नव्हतो. तेव्हा मी फोन खिशात टाकून, रिकाम्या हातांनी हवेत स्टेअरिंग फिरवत, आता काय करायचे ते मोठ्याने म्हणू लागलो. जिथे अडखळत होतो, तेवढेच शिकायचे राहिले होते. सौभाग्यवतींनी मात्र शेजारच्या काकूंना मांत्रिकाचा पत्ता विचारल्याचे कानावर आले.

सराव सुरू झाला तेव्हा पारावर माझ्याच वर्गातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची पूर्ण हजेरी होती. एक ओरडे, ‘गुरुजी, तिकडं नाही, इकडं घ्या ना जी!’ दुसरा त्याच दमात, ‘इकडं काऊन? तिकडंच बराबर हाये!’ गणितात कायम गटांगळ्या खाणारा एक जण खाली उतरून आला आणि अत्यंत मायेने म्हणाला, ‘घाई नका करू गुरुजी, होते हळूहळू.’ हे वाक्य त्याला माझ्या तोंडून ऐकायला मिळाल्याचे मला तरी आठवत नाही. उपयोगाची गोष्टही त्यानेच सांगितली: ‘स्टेअरिंगचं चाक खालून धरा. ज्या अंगाला ट्रॉली न्याची, त्याच अंगाला हात न्या.’ पाटीवरच्या आकृतीने जे साधले नव्हते, ते या एका सूचनेने साधले, कारण आता डोक्याला डावे-उजवे उलटवण्याचे काम उरले नव्हते.

सरावाची वेळ घरच्या अर्थमंत्र्यांनी ठरवली. ‘डिझेल का फुकट येते जी?’ या प्रश्नानंतर रोज थोडाच वेळ मिळू लागला. मनाची समजूत घालायला विज्ञान धावून आले. ब्रिटिश टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन या संशोधकांना १९७८ मध्ये असे आढळले की, रोज एकच तास शिकणारे हे रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत तयार झाले. गंमत अशी की, आपल्या शिकण्यावर सर्वांत नाराज हे एक तासवालेच होते. ही नाराजी मला ओळखीची वाटली.

त्याच वर्षी केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना निशाण्यावर छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, तर काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली आणि सरस ठरली ती दुसरी मुले. हे वाचल्यावर मी अंगणातला ठरलेला कोपरा सोडला. कधी रिकामी ट्रॉली तर कधी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) भरलेली, कधी गोठ्याच्या तोंडाशी तर कधी खळ्याच्या उतारावर, असा सराव चालला. प्रत्येक जागी पुन्हा अडाणी झाल्यासारखे वाटे आणि पारावर नव्याने हशा पिकत असे.

अखेर कापूस भरून जिनिंगवर, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यावर गेलो. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग, आणि कापूस खाली करण्याच्या जागेत ट्रॉली उलटी लावायची होती. हात स्टेअरिंगच्या खालच्या अंगाला धरला, मान मागे वळवली, जीभ दातांत धरली आणि ट्रॉली रेषेत जाऊन उभी राहिली. रांगेतल्या एका ड्रायव्हरने ‘मस्त घेतली काकाजी’ अशी दाद दिली. मी खाली उतरून उपरण्याने तोंड पुसत होतो, तेवढ्यात हिशेबनीस चष्म्यावरून पाहत म्हणाला, ‘भरल्या ट्रॉलीचा काटा केला काय? आधी वजन करून आणा, अन् मंग दुसऱ्या अंगानं मांगं घ्या.’